गाडी धुवायला कोणता साबण घ्यावा?

प्रश्न : आमची गाडी काळ्या रंगाची, चार वर्षांची आहे. दर रविवारी मी ती घरीच धुतो. आजवर भांडी घासायचं लिक्विड वापरत आलो, कारण तेलकटपणा त्याने झटकन जातो. हल्ली उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसायला लागल्या आहेत. ओळखीतले एक जण म्हणाले, भांड्यांच्या साबणाने रंग खाल्ला. दुसरे म्हणाले, साबणाचा काही संबंध नाही. गाडीच्या शाम्पूच्या बाटल्या बघायला गेलो, तर एकीवर ‘पीएच न्यूट्रल’, दुसरीवर ‘वॅक्सयुक्त’, तिसरीवर ‘भरपूर फेस’. यातलं काय घ्यावं? मुळात वेगळा शाम्पू लागतो का?

उत्तर : आधी बॉनेटवरच्या रेषांचं बोलू. साबण कसा निवडायचा हे त्या रेषांवरूनच ठरतं.

रात्री मोबाइलचा टॉर्च घ्या आणि बॉनेटवर हातभर अंतरावरून धरा. उजेडाभोवती बारीक रेषांचं गोल कडं दिसेल. टॉर्च सरकवलात की कडंही त्याच्या मागे सरकेल. म्हणजे रेषा मुळात गोल नाहीतच. वेगवेगळ्या दिशांना गेलेले ते बारीक चरे आहेत. त्यांतले जे उजेडाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. पांढऱ्या गाडीवरही तितकेच चरे असतात, पण पांढऱ्यावर ते लपतात आणि काळ्यावर उघडे पडतात.

मी अठरा वर्षं गाड्यांच्या रंगकामात होते, त्यातली बारा पॉलिशच्या कामावर. अशी गाडी आली की मी मालकांना पहिलं विचारायचे, “पुसायचं फडकं दाखवता का?” डिकीतून फडकं निघायचं. ते पांढऱ्या कागदावर झटकलं की वाळूचे कण टपटप पडायचे. एका गृहस्थांच्या जुन्या बनियनच्या फडक्यातून इतकी रेती निघाली की कागद तिरका केल्यावर ती ओघळून एका कोपऱ्यात जमली. ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. गाडी त्यांच्या फार जिवाची होती, रोज सकाळी स्वतः पुसायचे. त्या रोजच्या पुसण्यानेच तिची चकाकी गेली होती.

आता थरांचं गणित बघा. आजच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी झळाळी ज्या थरावर आहे तो थर केसाहूनही पातळ. उलट रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस् पट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे, काचेवरही तो ओरखडा उठवतो. क्लिअर कोट शेवटी एक प्रकारचं प्लॅस्टिकच, त्याचा क्वार्ट्झपुढे काय पाड लागणार!

म्हणून गाडीच्या साबणाचं पहिलं काम मळ काढणं हे नव्हे. मळ पाण्यानेही बराच निघतो. कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा पडदा धरणं हे त्याचं खरं काम. तो पडदा असला की कण फडक्याबरोबर घासत न जाता घरंगळत निघून जातो. साबण घेताना तो किती ‘काढतो’ हे बघू नका, किती ‘सरकवतो’ हे बघा.

आता तुमच्या लिक्विडकडे येऊ. भांड्यांच्या लिक्विडने क्लिअर कोट विरघळत नाही. कारखान्यात तो थर भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, बादलीत पडलेल्या चमचाभर लिक्विडला तो दाद देत नाही. अशा लिक्विडात दाटपणासाठी बऱ्याचदा मीठ घातलेलं असतं, त्यावरून ‘गाडी गंजेल’ अशीही भीती घालतात. बादलीभर पाण्यात उतरल्यावर आणि नंतर धुऊन गेल्यावर त्या मिठाचं काही उरत नाही. तेव्हा रंग खाल्ल्याचा आरोप खोटा.

मग ते वापरायचं का? नेहमीसाठी नको. भांड्यांच्या लिक्विडचं कौशल्य तेल-मेण उचलण्यात आहे. तुम्ही गाडीला वॅक्स लावलं असेल, तर तेही त्याला तेलकट मळच वाटतं. दर रविवारी थोडं थोडं वॅक्स नाल्यात जातं आणि क्लिअर कोट उघडा पडतो. शिवाय धुतलेल्या ताटावर बोट फिरवलं की कचकच आवाज यावा, ताट हातातून निसटू नये, अशा बेताने ते बनवलेलं असतं. ताटाला हे शोभतं. गाडीवर मात्र तीच कचकच म्हणजे निसरडा पडदा संपल्याची खूण. बॉनेटवरचे चरे फडक्यातल्या कणांनी पाडले आणि साबणाने त्यांना पुरेसं अडवलं नाही. तुमचे दोन्ही ओळखीचे अर्धेअर्धे बरोबर आहेत.

हे घरी पडताळून बघता येईल. दोन वाट्यांत अर्धी अर्धी वाटी पाणी घ्या. एकीत तुमचं लिक्विड आणि दुसरीत गाडीचा शाम्पू, दोन्ही दोन-दोन थेंबच. काचेच्या तुकड्यावर किंवा आरशावर एकातलं पाणी पसरा, ओलं बोट ठेवून हलकेच फिरवा, मग पाच-सात मिनिटं थांबून पुन्हा फिरवा. नंतर तेच दुसऱ्या पाण्याने करा. सुरुवातीला दोन्ही सारखीच गुळगुळीत वाटतील. फरक थांबल्यावर कळतो. चांगल्या शाम्पूवर बोट अजून बिनबोभाट सरकतं, दुसऱ्यावर अडखळायला लागतं. नवीन बाटली आणली की मी आजही हे करते. लेबल काहीही म्हणो, माझा भरवसा बोटावर.

लेबलांचा अर्थ असा. पीएच म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारं माप, मराठीत सामू. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी ते १९०९ मध्ये मांडलं. ७ म्हणजे मधोमध, ना आम्ल ना अल्कली. दर अंकाला फरक दहापटीने वाढतो. अंगाचा साबण ९ ते १० च्या घरात असतो, कपड्यांच्या पावडरीचं पाणी १० ते ११ च्या. म्हणजे ‘न्यूट्रल’ शाम्पूच्या मानाने पावडरीचं पाणी हजारपट आणि त्याहूनही जास्त अल्कली. वॅक्स, रबर, प्लॅस्टिकच्या कडा आणि ॲल्युमिनियम यांना ते सोसत नाही.

ॲल्युमिनियमवरून सांगते. मी शाळेत असताना वडिलांनी आमची गाडी कपड्यांच्या पावडरीने धुवायला घेतली. ऊन होतं, फोन आला, ते आत गेले. बाहेर येईपर्यंत पाणी वाळून गेलं होतं. खिडक्यांखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढुरके ओघळ उमटले होते, वरून जाड, खाली निमुळते. ते कधीच गेले नाहीत. पुढे मी पॉलिश शिकले तेव्हा पहिल्यांदा त्याच पट्ट्यांवर हात चालवला, पण डाग वर बसलेला नव्हता, धातूच खाल्ला गेला होता. शेवटी पट्ट्या बदलल्या. म्हणून कपड्यांच्या पावडरीला माझा ठाम नकार आहे. भांडी घासायच्या वडीला तर त्याहून जास्त. घासायला सोपं जावं म्हणून वडीत दगडाची बारीक भुकटी घातलेली असते. ती भुकटी खिडकीच्या रबरांच्या खाचांत जाऊन बसते आणि वाळली की पांढरी रेघ सोडते. रंगावर काय करत असेल ते वेगळं सांगायला नको.

‘भरपूर फेस’ या शब्दांना भुलू नका. फेस डोळ्यांना सुखावतो आणि हात कुठे फिरला ते दाखवतो, तेवढा उपयोग धरा. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असं नसतं. कमी फेसाचे काही शाम्पू हाताला लोण्यासारखे लागतात. फोमच्या बंदुकीने आधी फेस मारून ठेवायची पद्धत मात्र चांगली आहे. फेस अंगावर राहिला की मळ भिजतो आणि घासायला कमी उरतो.

तुमच्यासाठी माझं उत्तर : ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेला, वॅक्स नसलेला साधा कार शाम्पू घ्या, बोटाला निसरडा लागणारा आणि पाणी मारताच निघून जाणारा. मात्र तो बाटलीवर सांगितलाय तितकाच घाला. १ ला ५०० असं प्रमाण असेल, तर दहा लिटरच्या बादलीत २० मिली बसतो, १ ला २०० असेल तर ५० मिली. मेजरिंग कप घ्या. अंदाजाने ओतलं की दुप्पट-तिप्पट पडतं, तसं मी रोज बघितलंय. एका मर्यादेपलीकडे साबणाने सफाई वाढत नाही. उलट तो निघायला पाणी जास्त लागतं आणि कडांत, रबरांत उरतो.

शाम्पू बदलून फडकं तेच ठेवणार असाल, तर शाम्पूचे पैसे वाया जातील. बनियन, टॉवेल, स्पंज, ब्रश सगळं बाजूला ठेवा. मायक्रोफायबरचा लांब केसाळ हातमोजा घ्या, म्हणजे कण त्याच्या केसांत आत शिरतो आणि रंगावर दाबला जात नाही. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. गाडीवर आधी नुसतं पाणी मारा, सैल धूळ जितकी जाईल तितकी जाऊ द्या. मग मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात पिळा, पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली यायचं. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यांत जास्त रेती तिथे असते. चाकांचं फडकं वेगळं, ते रंगाला लावायचं नाही. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचा चुरा असतो. पहिल्या दिवशी धुऊन झालं की साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तळाशी बसलेली रेती आजवर तुमच्या बॉनेटवर फिरत होती.

सध्याचे चरे शाम्पूने जाणार नाहीत. त्यांना पॉलिशच लागेल. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचे काही मायक्रॉन घासून काढणं. ते मोजक्या वेळाच परवडतं, म्हणून धुण्याची पद्धत आधी बदला, दोन महिने जाऊ द्या आणि मगच पॉलिश करून घ्या. पॉलिशच्या किंवा नवीन वॅक्सच्या आधी जुनं वॅक्स काढायचं असतं. तेव्हा तुमचं भांड्यांचं लिक्विड एकदा वापरायला माझी हरकत नाही.

प्रश्न : वॅक्सयुक्त शाम्पूने धुणं आणि वॅक्स लावणं एकाच वेळी होतं, असं लिहिलेलं असतं. मग वेगळं वॅक्स कशाला? आमच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग आहे, त्याला हा शाम्पू चालेल का?

उत्तर : वॅक्सयुक्त शाम्पूतून पृष्ठभागावर अगदी विरळ थर राहतो. आधीच्या वॅक्सची उमेद तो थोडी वाढवतो, त्यापलीकडे फार अपेक्षा धरू नका. हाताने लावलेल्या वॅक्सची जागा तो घेत नाही. वॅक्स लावायला ज्यांना वेळच मिळत नाही, त्यांनी तो जरूर वापरावा, काहीच नसण्यापेक्षा बरा. पुढची काच मात्र जपा. हा थर काचेवर बसला की वायपर फिरताना काच धूसर होते, आणि पावसात, रात्री, समोरच्या दिव्यांत ते धोक्याचं आहे. काच वेगळ्या फडक्याने आणि काचेच्या क्लीनरने पुसा.

सिरॅमिक कोटिंगवर हा शाम्पू वापरू नका असं मी सांगेन. त्या कोटिंगवर पाणी टिकत नाही, घसरून जातं. वॅक्सचा थर वर बसला की पाण्याची गाठ कोटिंगशी न पडता वॅक्सशी पडते. मग लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, “कोटिंग गेलं हो!” मी साध्या न्यूट्रल शाम्पूने दोनदा धुऊन वर मगभर पाणी ओतायचे. बऱ्याच वेळा पाणी पुन्हा पहिल्यासारखं धावायचं. कोटिंग जागेवर होतं, नुसतं झाकलं गेलं होतं. मॅट रंगाची गाडी असेल तर वॅक्सयुक्त शाम्पू आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. मॅटवर मधेच चमकणारे ठिपके आले, तर ते घालवणं फार कठीण जातं.

प्रश्न : आमच्याकडे पाणी जड आहे. कितीही चांगला शाम्पू आणला तरी गाडी वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. साबण बदलू का?

उत्तर : साबण बदलून हे ठिपके जाणार नाहीत. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, ते हे ठिपके. शाम्पू कितीही उंची असला तरी शेवटी मारलेलं पाणी तेच आहे ना?

एक गोष्ट मात्र साबणाशी निगडित आहे. अंगाला लावायच्या खऱ्याखुऱ्या साबणाने तुम्ही गाडी धूत असाल, तर आजच थांबवा. तेल किंवा चरबी आणि अल्कलीपासून केलेला साबण जड पाण्यातल्या क्षारांशी जुळून न विरघळणारी चिकट साय धरतो. बादलीच्या कडेला बसते तीच. कार शाम्पूला आपण बोलताना साबण म्हणतो खरं, पण तो डिटर्जंट असतो आणि जड पाण्यात अशी साय धरत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई होती, त्या काळात, १९१६ च्या सुमारास, तिथे असे कृत्रिम डिटर्जंट पुढे आले. टंचाईतून निघालेली ही वाट पुढे जड पाणी असलेल्या घरांच्या फार कामी आली.

ठिपक्यांवर उपाय एकच, पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही. सावलीत धुवा, बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. अर्धी गाडी धुतली की ती पुसून घ्या, मग उरलेली अर्धी. पुसायला मायक्रोफायबरचा मोठा जाड टॉवेल घ्या. तो चोळू नका. पसरा, वरून हाताने थापा आणि उचला. बसलेले ठिपके पांढरं व्हिनेगर समप्रमाणात पाण्यात मिसळून हलक्या हाताने पुसले तर बरेचसे निघतात. लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्या जागचं वॅक्स जाईल, ते पुन्हा लावून घ्या. ठिपका बोटाला खड्ड्यासारखा लागत असेल, तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलेला आहे. त्यावर घरी प्रयोग करू नका.

प्रश्न : पक्ष्यांची विष्ठा आणि डांबराचे ठिपके शाम्पूने निघत नाहीत. जोर लावून घासावं लागतं. जास्त कडक साबण आहे का एखादा?

उत्तर : कृपा करून जोर लावू नका. विष्ठेत युरिक आम्ल असतं, बारीक खडे आणि बियाही असतात. वाळलेली विष्ठा घासणं म्हणजे सॅण्डपेपर फिरवण्यासारखं आहे. फडकं शाम्पूच्या पाण्यात ओलं करून तिच्यावर नुसतं ठेवा, पाच-दहा मिनिटं. मऊ झाली की वरच्या वर उचला, खाली जे उरेल ते पाण्याने वाहून जाऊ द्या. हे त्याच दिवशी करा. उन्हात पत्रा तापला की क्लिअर कोट थोडा नरम पडतो, आम्ल आपलं काम उरकतं आणि खाली धुरकट छाप राहते. रविवारची वाट बघू नका. एक छोटी पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ फडकं गाडीतच ठेवा.

डांबराला शाम्पू दाद देत नाही, कारण ते तेलाच्या जातीचं आहे. त्यासाठी टार रिमूव्हर मिळतो. तो फडक्यावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर टेकवा, सैल झाला की पुसा आणि ती जागा शाम्पूने धुवा. घासलेट किंवा पेट्रोल लावणारे खूप भेटतात. डांबर निघतं हे खरं, पण आजूबाजूचं रबर फुगतं, वॅक्स जातं, आणि पेट्रोलची वाफ पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. ते नकोच.

प्रश्न : शाम्पू संपला असेल, तर डोक्याचा शाम्पू एखाद्या वेळी चालेल का?

उत्तर : एखाद्या वेळी चालेल, साधा आणि कंडिशनर नसलेला असेल तर. कंडिशनर केसांवर चिकटून राहण्यासाठी असतो, तो काचेवरही चिकटतो. पण धूळ फार नसेल, तर त्या दिवशी नुसतं पाणी मारून गाडी सोडून द्या आणि शाम्पू आला की धुवा.